तलाव बदलला, मरळ सापडेना. सेटअप काय बदलू? बजेट 6000

उमरेडरोड_गळ · रविवार, सकाळी 10.20

नमस्कार मंडळी. भिवापूरच्या (नागपूर जिल्हा) अलीकडे एक मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. नाव देत नाही, गर्दी होते. मच्छीमार संस्थेची परवानगी आहे, गळाचे महिन्याचे पैसे भरतो. तिथे फक्त मरळीसाठी बसतो. दोन वर्षांत तलाव पार बदलला.

मागच्या उन्हाळ्यात गाळ काढला. उत्तरेचा काठ जेसीबीने सरळ कापला. जिथे गुडघाभर पाण्यात कमळ आणि लव्हाळा होता तिथे आता काठापासून दोन पावलांवर पुरुषभर खोल आहे. नाल्याच्या तोंडाशी बेशरमीची झुडपं तशीच उभी. जलपर्णी नवीन आली, वारा नेईल तिकडे सरकते आणि दुपारनंतर पूर्वेच्या पाळीला येऊन चिकटते. चिलापी (तिलापिया मासा) भयंकर वाढली. पाणी गढूळ, हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं दिसत नाहीत. तुडुम (पाणी सोडायचं दार) उघडलं की आठवड्यात वीतभर पाणी उतरते.

सामान: 6 फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, 2500 मापाचा रील, 0.30 मिमी मोनो (एकपदरी नायलॉन दोर), दोन पोकळ रबरी बेडूक, थोडे स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं). बेडकावर मरळ येते, पण दहात सात वेळा गळ लागतच नाही. लागला तर जलपर्णीत घुसते आणि दोर तुटतो.

अमेरिकेतल्या बासवाल्यांचे (बास हा तिकडचा शिकारी मासा) व्हिडिओ पाहतो. पाणी उतरलं, गढूळ झालं, झाडोरा बदलला की ते लगेच पद्धत बदलतात: टेक्सास रिग (रबरात टोक लपवलेला गळ), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष), पंचिंग (जड शिशाने झाडोरा भेदणं). यातलं मरळीला काय लागू पडेल आणि मी काय घेऊ? एकूण 6000. त्याच्यावर नाही.

धंतोली_बेटकास्टर · रविवार, सकाळी 10.52

सहा हजारांत अर्धवट सामान घेण्यापेक्षा दोन महिने थांबा आणि बेटकास्टर (अंगठ्याने स्पूल थांबवायचा रील) घ्या. 7 फूट हेवी रॉड, 7.1 गिअरचा रील (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल 7.1 वेळा फिरतो), 50 पौंड ताण सोसणारा ब्रेड, म्हणजे विणलेला दोर. सगळं मिळून तेरा-चौदा हजार. अंगठ्याने स्पूल दाबला की बेडूक जलपर्णीच्या फटीत नेमका उतरतो, स्पिनिंगवर तो दोन हात पुढे जाऊन पडतो. आणि मरळ लागल्यावर पहिल्या दोन सेकंदांत तिचं डोकं वर आलं पाहिजे, त्यासाठी वेगवान गिअर लागतो. माझ्याकडे हाच सेट तीन वर्षं आहे, एकही मरळ झाडोऱ्यात गेलेली नाही.

पाळीवरचा_काका · रविवार, सकाळी 11.30

अरे भाऊ, त्यानं सहा हजार लिवलं ना स्पष्ट. चौदाचं काहून सांगून राह्यले?

उमरेडवाले भाऊ, सामान नंतर पाहू. तुम्ही अजून त्या कापलेल्या काठावर बेडूक फेकत असाल तर रॉड कोणताबी घ्या, फरक पडत नाही. सरळ कापलेल्या काठाले मरळ थांबत नाही. तिले अंगावर सावली लागते, पोटाखाली उथळ लागते, आणि वर हवा घ्याले मोकळी जागा लागते. उत्तरेकडे तिन्ही गेल्या. आता मासोळी बेशरमीत आणि जलपर्णीच्या कडेलेच राहीन.

जागा शोधाची तर अर्धा तास गळ न टाकता बसा. मरळ नुसत्या कल्ल्यावर जगत नाही, वर येऊन हवा घ्यावीच लागते तिले. गढूळ पाण्यात आणि जलपर्णीखाली प्राणवायू कमी, म्हून आणखी घडीघडी येते. चिलापी वर आली तर नुसते बारीक वलय उठते. मरळ आली की 'बुडुक' असा जड आवाज, मोठं वलय, आणि मागून दोन-चार बुडबुडे. एकाच जागी दोनदा उठली म्हणजे तेच तिचं घर. त्या वलयावर फेकू नका. दोन-अडीच मीटर पलीकडे टाका आणि तिच्या डोक्यावरून आणा.

मोनो_ते_ब्रेड · रविवार, दुपारी 12.15

काकांचं बरोबर, पण दहात सात हुकतात ते जागेमुळे नाही. ते रॉड आणि दोरामुळे.

मोनो ताणला की लांबतो. पंधरा मीटरवर झटका दिला तर त्याचा बराचसा भाग दोर लांबण्यातच जातो. त्यात 6 फुटी मीडियम रॉडचं टोक मऊ. पोकळ बेडकाच्या गळांना आधी रबर दाबून बाहेर यायचं असतं, मग मरळीच्या हाडासारख्या टणक तोंडात शिरायचं असतं. तेवढा जोर पोचतच नाही.

बजेटमध्ये असं बसवा. 7 फूट मीडियम हेवी स्पिनिंग रॉड, 10 ते 30 ग्रॅमचं आमिष फेकणारा, दोन ते अडीच हजार. 40 पौंडी आठपदरी ब्रेड, आठशे ते हजार. पोकळ बेडूक दोन, पाचशे. 4/0 मापाचे ऑफसेट (वाकड्या मानेचे) गळ, गोळीशिसं (बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं) आणि मऊ रबरी मासे मिळून सहाशे. लांब चोचीचा पक्कड अडीचशे. पाच हजारांच्या आत होते. रील बदलू नका. 40 पौंडी ब्रेड साधारण 0.32 मिमी जाड असतो, 2500 च्या स्पूलवर शंभर मीटर आरामात बसतो. मरळीला पंचवीस मीटरपलीकडे फेकायचंच नसते.

ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळू नका, तो अख्खा गोल फिरतो आणि ड्रॅग (ताण आला की दोर सोडणारा ब्रेक) घसरतोय असं वाटते. आधी मोनोची आठ-दहा वेटोळी घाला, त्याला डबल युनी गाठीने ब्रेड जोडा. पुढे 40 पौंडी मोनोचा अर्ध्या मीटरचा लीडर (आमिषाजवळचा तुकडा). दात आणि बेशरमीची खोडं दोन्ही ब्रेडला कुरतडतात, मोनो घासला तरी काही वेळ टिकतो.

सक्करदरा_स्पिनर · रविवार, दुपारी 1.05

ब्रेडच घ्या, वरचे बरोबर सांगत आहेत. फक्त स्वस्तातला चारपदरी घेऊ नका. मी तीनशेवाला घेतला, दोन महिन्यांत रंग गेला, धागे फुटून लोकर झाली आणि गाठीपाशीच तुटत राहिला. मोनो गाठ आवळताना ओला करतो तसाच ब्रेडही ओला करा, नाहीतर गरम होऊन कमजोर होतो. पालोमार गाठ बांधा.

रील मात्र 4000 चाच घ्या. 2500 चा गिअर मरळीपुढे टिकत नाही.

मोनो_ते_ब्रेड · रविवार, दुपारी 1.20

2500 चा गिअर जातो तो मरळीमुळे नाही, मासा झाडोऱ्यात अडकलेला असताना हँडल जोरात फिरवल्यामुळे. रॉडने ओढा, मग रॉड खाली नेताना ढिला झालेला दोर गुंडाळा. रील हे ओढायचं यंत्र नाही.

आणि धंतोलीवाल्यांच्या 7.1 बद्दल: दोन वेगळ्या जातीच्या रीलचे गिअर सरळ ताडून पाहता येत नाहीत. बेटकास्टरचा स्पूल लहान, स्पिनिंगचा घेर मोठा. 2500 च्या 5 गिअरच्या रीलवरही एका फेऱ्यात साधारण सत्तर सेंटिमीटर दोर येतो. तेवढा वेग पुरे आहे.

धंतोली_बेटकास्टर · रविवार, दुपारी 1.41

वेग पुरेल, पण अचूकतेचं काय? बेशरमीच्या दोन खोडांमध्ये हातभर फट असते. अंगठा हवाच.

मोनो_ते_ब्रेड · रविवार, दुपारी 1.50

डाव्या हाताचं बोट सुटणाऱ्या दोराला लावा, स्पिनिंगही थांबते. दहा ग्रॅमच्या आतलं आमिष वाऱ्याविरुद्ध फेकलं की बेटकास्टरवर गुंता होतो हेही सांगा ना त्यांना.

गढूळपाणी · रविवार, संध्याकाळी 6.30

मूळ प्रश्न बासच्या युक्त्यांचा होता, त्याला कोणी हात लावला नाही.

बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढते. मरळ नुसतं तसं करत नाही. ती मागून किंवा खालून येऊन दातांनी धरते, वळते, मग गिळते. म्हणून बासच्या व्हिडिओत पाणी फुटताच झटका देतात ते इथे चुकते, तिच्या तोंडात तेव्हा बेडकाचे पाय असतात, गळ नाही. पाणी फुटलं की रॉड खाली करा, दोराचा ढील गुंडाळा, वजन हाताला लागू द्या, मग झटका. आवाजावर नाही, वजनावर.

दुसरा फरक पाणी उतरताना दिसतो. पाणी उतरलं की बासवाले काठ सोडून जवळच्या खोल उताराकडे जातात, कारण बास तिकडे सरकते. मरळ शेवटच्या ओल्या झाडोऱ्याला धरून राहते. गुडघाभर पाण्यात जगते, ओल्या चिखलात दबूनही दिवस काढते. तेव्हा तुमच्या तलावातल्या जेसीबीच्या खड्ड्यात तिला शोधू नका, तिथे रोहू-कतला असतील आणि ते संस्थेचं बीज आहे. पाणी वीतभर उतरलं तर बेशरमीचा जो भाग अजून पाण्यात पाय रोवून आहे तिथे सगळी मासोळी दाटते. काठाला एक काठी ठोका, बोटबोटभर खुणा करा, दर खेपेला वाचा. पाणी उतरत असेल तर झाडोऱ्याची आतली, खोलीकडची कड धरा. पावसाळ्यात चढत असेल तर नुकतं बुडालेलं गवत धरा, हातभर पाण्यात.

टेक्सास रिग मरळीला चालते, आणि तुमच्या बेशरमीत तीच चालेल. दोरावर आधी रबरी स्टॉपर, मग गोळीशिसं, मग 4/0 ऑफसेट गळ, 4 इंची शेपटीवाला मऊ मासा. गळाचं टोक रबरातून बाहेर काढून परत त्याच्या पाठीच्या कातड्यात हलकं टोचायचं, म्हणजे खोडाला अडकत नाही. शिशाचं वजन तळ पाहून. खोडांमध्ये 7 ग्रॅम. जिथे गाळ काढलेला नाही तिथे 3.5 किंवा बिनशिशाचं, नाहीतर मासा गाळात रुततो आणि मरळीला दिसतच नाही. एक त्रास मात्र आहे: ती शेपटी तोडून नेते. मासा लहान घ्या आणि गळ जितका मागे नेता येईल तितका न्या. सहाची पुडी एका सकाळी संपू शकते, तो खर्च धरा.

स्पिनरबेट गढूळ पाण्यासाठीच आहे. 10 ते 14 ग्रॅम, गोल कोलोराडो पात्याचं, काळं किंवा काळं-जांभळं. गढूळ पाण्यात ती डोळ्यापेक्षा अंगावरच्या कंपनाच्या रेषेवर भरवसा ठेवते, गोल पातं हळू ओढलं तरी जोरात थरथरते. पांढऱ्या डब्याचं झाकण दोरीला बांधून पाण्यात सोडा. वीतभरात दिसेनासं झालं तर स्पिनरबेट, हातभर दिसलं तर बेडूक आणि नैसर्गिक रंग.

पंचिंग सोडा. 28 ग्रॅमचं टंगस्टन जलपर्णीच्या गादीतून खाली पाडायला 7.5 फुटी हेवी रॉड आणि 65 पौंडी दोर लागतो, आणि मरळ गादीच्या तळाशी नाही, हवेच्या भोकापाशी असते.

उमरेडरोड_गळ · रविवार, रात्री 8.10

मनापासून आभार. काका, तुमच्या 'बुडुक'ने डोळे उघडले. आवाज रोज ऐकतो, चिलापी समजत होतो.

चौदा हजार जमणार नाहीत हे पुन्हा सांगतो. बेडकाचं काही करता येते का? दोन आहेत, फेकून द्यायची इच्छा नाही. आणि चिलापी एवढी वाढली तर मरळ बेडूक कशाला खाईल?

मानेवाडा_मरळ · रविवार, रात्री 9.00

बेडूक फेकू नका. पक्कडीने दोन्ही गळ दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणि किंचित वर वाकवा, एकदम नाही, थोडं थोडं, नाहीतर पोलाद तडकते. गळांची टोकं रबराच्या अगदी अंगालगत असतील तर दाबल्यावरसुद्धा बाहेर येत नाहीत, कोरे बेडूक बहुतेक तसेच असतात. अंगठ्याच्या नखावर टोक घासून पाहा, घसरलं तर बोथट आहे, बारीक कानस मारा. रबर कडक वाटत असेल तर गरम पाण्यात मिनिटभर ठेवून हाताने चुरा. पाय एका बाजूने अर्धा इंच आखूड केले की बेडूक जागच्या जागी डावी-उजवीकडे वळतो, पुढे कमी सरकतो. छोट्या भोकात हेच हवं.

दहा-बारा फेकीनंतर दाबून पाणी काढा. पाणी भरलेला बेडूक बसतो आणि दाबलाही जात नाही. गळाची दांडी जिथून आत जाते तिथून पाणी शिरते, तिथे लवचीक चिकट पदार्थाचा थेंब लावून रात्रभर सुकवा.

चिलापीचं: उथळ मुरमाड काठावर ताटाएवढे गोल खड्डे दिसतील, ती तिची घरटी. त्या खड्ड्यांच्या आणि झाडोऱ्याच्या मधल्या पट्ट्यात मरळ पिल्लांवर टपते. तिथे 3 इंची राखाडी, पाठीला काळसर पट्टे असलेला मऊ मासा आडवा ओढा. बेडूक ती खाणारच, पण भक्ष्य बदललं की पहिला मान नव्या भक्ष्याला.

फिशफाइंडर_मिहान · रविवार, रात्री 9.40

आजच्या काळात काठी ठोकून खोली मोजता? फेकायचा फिशफाइंडर घ्या, मोबाइलला जोडतो, तळाचा अख्खा नकाशा काढतो. मी घेतल्यापासून अंदाज लावणं बंद झालं. नऊ हजाराच्या आसपास आहे.

पाळीवरचा_काका · सोमवार, सकाळी 6.15

पुन्हा तेच. बजेट पहा जी.

आणि हातभर पाण्यात, बेशरमीच्या खोडांत यंत्र काय दाखवीन? सगळं एकच गचका दाखवते. त्याले खोली मोजाची तर 20 ग्रॅमचं शिसं दोराले बांधावं, दर अर्ध्या मीटरवर लाल धागा गुंडाळावा, फेकावं आणि शिसं वर उचलून धागे मोजावे. वीस रुपये लागते. जेसीबीनं कुठं खोदलं ते एका सकाळी कळते.

फिशफाइंडर_मिहान · सोमवार, सकाळी 7.50

रोहू-कतल्यासाठी मात्र त्याला तोड नाही.

गढूळपाणी · सोमवार, सकाळी 8.05

प्रश्न मरळीचा आहे.

गांडूळगरी · सोमवार, सकाळी 9.30

रबराचं एवढं कौतुक का ते समजत नाही. जिवंत आमिष लावा. बोटभर चिलापी पाठीच्या काट्याच्या मागे 1/0 गळात अडकवा, वर बोटभर थर्मोकोलचा तरंग, हातभर खाली सोडा. जलपर्णीच्या कडेला ठेवा आणि बसा. गढूळ पाण्यात याच्याइतकं काही चालत नाही.

मानेवाडा_मरळ · सोमवार, सकाळी 10.10

चालते, हे मान्य. पण मासा त्याच तलावातला असावा. एका तलावातला जिवंत मासा दुसऱ्या तलावात नेऊ नका. थंडीच्या दिवसांत मरळीच्या अंगावर लाल खोल जखमा पडतात तो रोग पाण्यातून, माशांतून आणि ओल्या सामानातूनही पसरतो. जाळी, बूट, पिशवी उन्हात कडक वाळवूनच दुसऱ्या तलावावर जा. तशी जखमी मासोळी लागली तर संस्थेच्या माणसाला सांगा.

आणि थाई मांगूर (परदेशी मासा) लागला तर परत सोडायचा नाही, कुठल्याही तलावात. पाळायलाही बंदी आहे त्याला.

सक्करदरा_स्पिनर · सोमवार, दुपारी 12.20

माझ्या मते या सगळ्याचं मूळ गाळ काढण्यात आहे. कंत्राटदार फक्त ब्रास (गाळाचं माप) मोजतो, काठ कसा ठेवायचा कोणी पाहत नाही. कमळ, लव्हाळा मुळासकट गेला, म्हणून मोकळ्या पाण्यावर जलपर्णी बसली.

शेतकरी_कुही · सोमवार, दुपारी 1.00

गाळ काढला नसता तर फेब्रुवारीतच तलाव कोरडा पडला असता आणि मरळीसकट सगळं गेलं असतं. मामा तलाव धानाच्या ओलितासाठी बांधले आहेत. गाळ शेतात गेला तर जमीन सुधारते. पाणी टिकलं तर तुम्हालाही गळ टाकता येतो.

सक्करदरा_स्पिनर · सोमवार, दुपारी 1.15

गाळ काढू नका असं म्हणत नाही. मधलं खोल करा, काठाला उतार ठेवा, चौथा हिस्सा झाडोरा हात न लावता सोडा. भंडारा-गोंदियाकडे ढिवरांच्या (मच्छीमार समाजाच्या) गटांनी तलावात जुन्या पाणवनस्पती परत लावल्या, बेशरम उपटली, आणि स्थानिक मासोळी वाढली. तिथे जमते तर इथे का नाही?

पाळीवरचा_काका · सोमवार, दुपारी 2.40

हे खरं बोलले. पण बेशरम उपटाच्या आधी दुसरा झाडोरा लावा लागन. नाहीतर मरळीले उरलेलं तेवढं घर बी जाईन.

गढूळपाणी · सोमवार, रात्री 9.15

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, पावसाळ्यात विसरायला होते. जून-जुलैनंतर पाण्यावर लालसर-नारिंगी बारीक पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा हलताना दिसला की त्याच्या खाली आई-बाप असतात. तिथे बेडूक टाकला तर भूक नसताना मारतात, राखण म्हणून. गळ लागायची शक्यता जास्त, म्हणूनच टाकू नका. राखण गेली की चिलापी गोळा साफ करते. तुमच्या तलावात चिलापी आधीच जास्त आहे.

धंतोली_बेटकास्टर · सोमवार, रात्री 9.40

पकडून लगेच सोडली तर परत येते ती पिल्लांकडे.

गढूळपाणी · सोमवार, रात्री 9.48

तुम्ही पक्कड शोधून, फोटो काढून सोडेपर्यंत पाच मिनिटं जातात. चिलापीला तेवढी पुरतात.

मोनो_ते_ब्रेड · सोमवार, रात्री 10.05

सोडण्याचंच निघालं तर: मरळ हवा घेते म्हणून बाहेर कितीही वेळ चालते हा गैरसमज आहे. तापलेल्या पाळीच्या दगडावर ठेवली की अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि जखमा तिथूनच सुरू होतात. ओल्या गोणपाटावर ठेवा. तोंडात बोट घालू नका, पक्कडीनेच गळ काढा. गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट केला तर काम सेकंदाचं.

उमरेडरोड_गळ · बुधवार, रात्री 9.30

मंडळी, कालची सकाळ आणि आजची सकाळ गळ न टाकता बसलो. काकांच्या सांगण्याप्रमाणे वलयं मोजली, धागे बांधून खोलीही काढली. पाळीला चिकटलेल्या जलपर्णीत मोठी भोकं चार, चारही काठापासून पाच-सहा मीटरच्या आत. मरळ तिथेच उठते. बेशरमीत दोन जागा, तिथे माणूस पोचत नाही.

तेव्हा निर्णय असा. नवा रॉड घेत नाही, बेटकास्टर तर नाहीच. फायबर ग्लासची 5.4 मीटरची टेलिस्कोपिक काठी घेतली, 1450 रुपये, रील नाही. वरची दोन बारीक कांडी काढून टाकली, उरली साडेचार मीटरच्या आसपास. 60 पौंडी ब्रेडचा दोन मीटरचा तुकडा टोकाला, त्याला मानेवाडाभाऊंनी सांगितला तसा गळ वाकवलेला बेडूक. पाळीवर उभं राहून भोकात उतरवायचा, जागच्या जागी नाचवायचा, लागली की सरळ वर. फेकणं नाही, जलपर्णीवरून ओढणं नाही, म्हणून दोर अडकायचा प्रश्नच नाही. जुना रॉड चिलापीला ठेवतो. ब्रेड, पक्कड, दोन बेडूक मिळून सतराशे. उरलेल्यातून संस्थेचे पावसाळ्यापर्यंतचे पैसे भरले.

धंतोली_बेटकास्टर · बुधवार, रात्री 9.44

म्हणजे एवढ्या पोस्ट वाचून शेवटी काठीच. दोन किलोची लागली तर ड्रॅग कुठून आणाल? काठी मोडेल.

मोनो_ते_ब्रेड · बुधवार, रात्री 10.02

मला पटत नाही, पण जागा पाच मीटरवर असेल तर फेकायची गरज खरंच नाही. मात्र दोन गोष्टी सुधारा. 60 पौंडी दोर काठीपेक्षा भारी आहे, मोडेल ती काठी. दोर 30 पौंडी करा, म्हणजे आधी दोर जायची शक्यता वाढेल. आणि तो नुसत्या टोकाला बांधू नका. टोकाला दोन वेढे देऊन तसाच काठीच्या अंगाने खाली मुठीपर्यंत आणा, दर हातभर चिकटपट्टीने बांधा. कांडं मोडलं किंवा निसटलं तरी मासोळी गळ आणि अर्धी काठी घेऊन जाणार नाही. मोठी लागली तर वर उचलू नका, काठी आडवी करून भोकाच्या काठावर तिचं डोकं चढवा आणि मागे चालत जा, ती जलपर्णीवरून घसरत येईल.

पाळीवरचा_काका · गुरुवार, सकाळी 6.05

आमच्याकडचे बुढे ढिवर बांबूनं असंच करत, फक्त गरीले खरा बेडूक राहे.

एक सांगतो भाऊ. पाळीवरून ओलिताच्या पंपाची तार गेली असन तर तिच्याखाली ही काठी उभी करू नका, ओली काठी तर बिलकुल नाही. आणि मे महिन्यात ढग गडगडले की काठी खाली ठेवून पाळीवरून उतरा, पाळीवर तुम्हीच सगळ्यात उंच राहता. उत्तरेच्या कापलेल्या काठावर तर उभंच राहू नका, खालून पाण्यानं पोखरला असन.

उमरेडरोड_गळ · गुरुवार, सकाळी 7.20

तार आहे, तुडुमाच्या उजवीकडे. त्या बाजूचं एक भोक सोडून देतो, तीन पुरेत. दोर 30 चा घेतो. मुठीपर्यंत आणायचा तर एकूण सात मीटर लागेल, बरोबर ना?

मोनो_ते_ब्रेड · गुरुवार, सकाळी 7.31

साडेचार काठीचे, दोन लोंबते, अर्धा गाठींना. सात घ्या. आणि टोकाच्या वेढ्यांखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, ब्रेड ग्लासला कापतो.

उमरेडरोड_गळ · गुरुवार, सकाळी 7.33

ट्यूब आहे घरात. शनिवारी दुपारी तीननंतर जातो, वारा पडायच्या आधी.